दिवाळीत कॅम्प, मेस बंद : नागपुरात हॉस्टेलवर थांबणाऱ्या खेळाडूंनी काय सोय करावी?

चारशेवाली
विद्यापीठाच्या संघाचा कॅम्प ऐन दिवाळीत आलाय. इव्हेंट ४०० मीटर आणि ४०० हर्डल्स. घर गडचिरोलीला, रूममेट कोल्हापूरची आणि ती ज्युदोत आहे. हॉस्टेलची मेस धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत बंद राहणार. गॅस वापरायला परवानगी नाही, इलेक्ट्रिक केटल चालते. जेवण, सराव, घरून येणारा फराळ, मध्ये एखादा दिवस घरी जाऊन यायचं का, सगळंच विचारायचंय. "मजा कर, आठवण काढू नको" छापाचे सल्ले नकोत, प्लीज.

पीटी_मास्तर
आधी कॅलेंडर उघडा. २०२६ ला वसुबारस ५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी ६, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ लाच, ९ तारीख रिकामी, पाडवा १०, भाऊबीज ११. या ९ तारखेकडे कोणाचं लक्ष नसतं. सण नसला तरी दुकानं, खानावळी उघडतीलच असं नाही, कारण कामाला असलेली पोरं छिंदवाडा, बालाघाटकडे गावी गेलेली असतात. म्हणजे जेवणाची खरी अडचण ८, ९, १० या तीन दिवसांची. सोय त्या तीन दिवसांची करा, बाकीचे दिवस निभतात.

दुसरं काम कागदाचं. कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडून वॉर्डनच्या नावाने पत्र घ्या. त्यात थांबणाऱ्या प्रत्येकीचं नाव, खोली क्रमांक, तारखा, सरावाची वेळ आणि परत यायची वेळ लिहिलेली हवी. सरावाची वेळ नसली की संध्याकाळी गेटवर वाद ठरलेला, कारण सुट्टीत वॉचमन बदली असतो आणि त्याला कॅम्प-बिम्प काही माहीत नसतं. पत्राची एक झेरॉक्स गेटच्या रजिस्टरमध्ये चिकटवून ठेवा. त्याच वेळी मेसचा रिबेट अर्ज (बंद दिवसांचे पैसे वळते करायचा) द्या, सुट्टी संपल्यावर तो कोणी घेत नाही. आणि पाण्याची मोटर कोण चालू करणार ते विचारून घ्या. अर्धं हॉस्टेल रिकामं असलं की मोटर लावायची कोणाला आठवण राहत नाही, आणि प्रॅक्टिसवरून आल्यावर नळ कोरडे.

मेसमेंबर
केटलवर चार दिवस काढता येत नाहीत. ४०० वॅटचा एक लिटरचा इलेक्ट्रिक राइस कुकर मिळतोय का बघ, आणि वॉर्डनला लेखी विचारून घे. कॉइलला नाही म्हणणारे वॉर्डन कुकरला बरेचदा हो म्हणतात, कारण उघडी तार नसते.

प्लगचं नीट समजून घे. केटल १५०० वॅटची असते, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास ओढते. खोलीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यावर रोज केटल लावली की सॉकेट आतून काळा पडतो, प्लास्टिकचा वास यायला लागतो. केटल १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लाव. तो बहुतेक कॉरिडॉरमध्ये किंवा गिझरजवळ असतो. कुकर मात्र दोन अँपिअरच्या आतच ओढतो, तो छोट्या सॉकेटवर चालतो. दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावायचे नाहीत. एमसीबी (विजेचा सुरक्षा-स्विच) उडाला तर सुट्टीत इलेक्ट्रिशियन येत नसतो.

एका वेळची खिचडी: तांदूळ १०० ग्रॅम, मुगाची डाळ ६० ग्रॅम, पाणी ६५० मिली, एक चमचा तूप, हळद, मीठ. डाळ अर्धा तास भिजवून ठेव. तुरीची डाळ नको, बिनप्रेशरची ती गळत नाही आणि कुकर मध्येच "वॉर्म"वर जातो. मुगाला फेस येतो आणि झाकणाच्या भोकातून बाहेर येतो, म्हणून भांडं काठोकाठ भरायचं नाही. तूप सुरुवातीलाच टाकलं की फेस कमी येतो. २५ ते ३० मिनिटं लागतात, आणि स्विच पडल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही, दहा मिनिटं तसंच राहू दे. खालचा थर सुटतो आणि भांडं घासायला सोपं जातं (हॉस्टेलात हा मुद्दा चवीपेक्षा मोठा).

केटलमध्ये अंडी: अंड्यांवर दोन बोटं पाणी येईल इतकं घाल, उकळी येऊन केटल बंद पडली की झाकण न उघडता १५ मिनिटं ठेव. परत परत चालू केलं तर अंडी आपटून फुटतात. केटलमध्ये दूध कधी तापवायचं नाही. तळाला लागतं, उतू जातं आणि थर्मोस्टॅटचं वाटोळं होतं.

डायटवाली
वरच्या खिचडीत साधारण २० ग्रॅम प्रोटीन होतं. सोबत दोन अंडी आणि २०० ग्रॅम दही घेतलं की ४० च्या जवळ जातं. ट्रॅकवाल्या मुलीला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम लागतं, म्हणजे ५५ किलोला ९० ते ११० ग्रॅम. मेस बंद असली की पोळी-भाताने पोट भरतं, पण हा आकडा निम्म्यावर येतो, आणि चौथ्या दिवशी पाय जड होतात. मग मुली म्हणतात, घरची आठवण येऊन अंगात दम नाही. आठवण असेलही, पण आधी ताट बघा.

खोलीत ठेवायच्या वस्तू, ७ तारखेच्या दुपारपर्यंत आणून ठेवलेल्या: सोयाबीन वडी अर्धा किलो (५० ग्रॅम कोरड्या वडीत २६ ग्रॅम प्रोटीन. केटलच्या गरम पाण्यात १५ मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळायची, नाहीतर उग्र वास राहतो आणि पोट फुगतं), भाजलेले फुटाणे अर्धा किलो, सत्तू अर्धा किलो, शेंगदाणे, गूळ, खजूर, केळी डझनभर, तीही अर्धी कच्ची, म्हणजे १० तारखेपर्यंत पुरतील. अंडी दोन ट्रे जास्त होतात, दोघींना एक ट्रे बास. दह्यासाठी फ्रिज नसेल तर रोज छोटा डबा आणा. दूध-दही पाडव्यालाही मिळतं, भाजी मात्र कॉटन मार्केटला किंवा गोकुळपेठेत आधीच घेऊन ठेवा. नोव्हेंबरच्या थंडीत गाजर, काकडी, भेंद्रं (टोमॅटो) तीन दिवस खोलीत टिकतात.

बर्डीचा_राजू
अन् बाहेर काहीच भेटत नाही असं नाही ना. रेल्वे स्टेशनसमोर अन् गणेशपेठ एसटी स्टँडजवळ काही ना काही उघडं राहतेच, प्रवासी तर दिवाळीतही येऊन राहिले असतात. सकाळचे तर्री पोहेही भेटतात, फक्त ठेलेवाल्याले सांगायचं, तर्री कमी अन् चणे जास्त. वरचं लाल तेल पिऊन कोणी ४०० पळत नसते. सावजीच्या झणझणीत जेवणाचं नावच काढू नका कॅम्प होईपर्यंत. रात्री सावजी अन् सकाळी इंटरव्हल ट्रेनिंग, मग ग्राउंडच्या कोपऱ्यात बसून राहा पोट धरून. गुरुद्वाऱ्यात लंगर असते, डोकं झाकून जायचं, पंगतीत बसायचं, ताटात टाकायचं नाही. डाळ, पोळी, भाजी, गरमागरम. दोघीतिघी मिळून जा.

पीटी_मास्तर
सरावाचं बोलू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उडालेल्या फटाक्यांचा धूर रात्री वर जात नाही. हवा थंड होऊन जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यातच कोंडतो. ऊन तापून हवा हलेपर्यंत तो तसाच राहतो. त्यामुळे ९ तारखेची पहाट ही वर्षातली धावायला सगळ्यात वाईट वेळ. आपण नेमके पहाटेच पळतो. त्या दिवशी सेशन दुपारी ३ नंतर आणि संध्याकाळचे फटाके सुरू व्हायच्या आत संपवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" ॲप आहे, त्यात जवळच्या केंद्राचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघा. २०० च्या वर असेल तर स्प्रिंट आणि इंटरव्हल नको, खोलीत कोअर आणि मोबिलिटी. १०१ ते २०० मध्ये वॉर्मअप लांब ठेवा, रिपिटिशन कमी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशात दिवाळीच्या रात्री फटाक्यांची वेळ ८ ते १० आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

४०० वालीसाठी चार दिवस असे लावता येतील. ७ तारखेला सेमिनरी हिल्सच्या चढावर ८० मीटरच्या आठ धावा, चालत खाली. ८ ला सकाळी दहाच्या आत ३ × १५० मीटर जवळपास पूर्ण वेगाने, मध्ये ८ ते १० मिनिटं विश्रांती, की दिवस मोकळा. ९ ला दुपारी फक्त हलकं: हर्डल ड्रिल्स, बाजूने चालत पाय काढणं, स्ट्रेचिंग. १० ला दुपारी ६ × २०० मीटर, ७५ टक्क्यांनी. मानकापूरचं क्रीडा संकुल किंवा विद्यापीठाचं मैदान त्या दिवशी उघडं आहे का, ते धनत्रयोदशीच्या आत तिथे जाऊन विचारा. फोनवर "या ना" म्हणतात आणि गेटला कुलूप असतं. हर्डल्स स्टोअर रूममध्ये असतात, त्याची किल्ली कोणाकडे राहणार हेही.

अभ्यंगस्नान जरूर करा, पण तळपायाचं तेल साबणाने दोनदा काढा. तेलकट पाय स्पाइक्समध्ये (खिळ्यांच्या बुटांत) आतल्या आत सरकतो आणि टाचेला फोड येतो.

रेशीमबाग_रनर
मास्तरांच्या यादीत मैदानाची एक गोष्ट राहिली. पाडव्याच्या आसपास कोणतंही मोकळं मैदान म्हणजे फुलबाज्यांच्या तारांचं शेत. जळून काळी पडलेली, मातीच्या रंगाची वीतभर तार, एक टोक वर. वर्तमानपत्राच्या कपच्यांत ती दिसत नाही. रॉकेट लावलेल्या बाटल्यांच्या काचा वेगळ्या. आपल्या लेनमधून आधी खराटा घेऊन चालत जा, पुढे एक आणि मागे एक. अनवाणी ड्रिल्स त्या आठवड्यात बंद. तार घुसलीच तर ओढून काढून रक्त वाहू द्या, साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. पाच वर्षं उलटली असतील तर त्याच दिवशी घ्या. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी दिवाळीतही चोवीस तास उघडी असते. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. १०८ पाठ असू द्या.

ज्युनिअर_फिजिओ
धुराने खोकला होतो आणि मग खरा घोळ होतो. सुट्टीत डॉक्टर मिळत नाही, पोरं औषधाच्या दुकानातून "खोकल्याचं द्या" म्हणून बाटली आणतात. आपल्याकडच्या अनेक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं, काहींत सॅल्ब्युटामॉल. टर्ब्युटालीन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत कायम बंदी असलेलं आहे, स्पर्धा असो वा नसो. सॅल्ब्युटामॉल फक्त पंपाने चालतं, तेही २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या आत. सिरप किंवा गोळी चालत नाही. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेच्या काळात लघवीत मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की पॉझिटिव्ह. ताप-अंगदुखीला "लवकर बरं वाटेल" म्हणून दिलेली स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन, तेही स्पर्धेच्या काळात बंद.

बाटलीच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नाडाचं (भारतातली उत्तेजकविरोधी संस्था) "नो युवर मेडिसिन" ॲप आहे, त्यात घटक टाकून बघा. साध्या खोकल्याला वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मध-आलं पुरतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब चालतात. नातेवाइकांनी पाठवलेलं "ताकदीचं" आयुर्वेदिक चूर्ण, ज्याच्यावर पूर्ण घटक छापलेले नाहीत, तेही कपाटातच राहू द्या. आत काय आहे हे पॅकेटवरून कळत नाही, आणि नमुन्यात सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

चारशेवाली
हे सिरपचं कोणीच सांगितलं नव्हतं. फराळाचं काय करायचं? आई पाच किलोचा डबा पाठवणार म्हणतेय, नको म्हटलं की तिला वाईट वाटतं. आणि रूममेटचं वजन ५७ किलोच्या गटाला काठावर आहे.

डायटवाली
नको म्हणू नकोस, काय पाठवायचं ते सांग. तुझ्यासाठी रव्याचे, बेसनाचे, शेंगदाण्याचे लाडू उत्तम. बेसनाचा ४० ग्रॅमचा लाडू म्हणजे १८० ते २०० कॅलरी, सेशननंतर एक, सोबत दूध. शेव-चकलीत निम्म्याच्या आसपास कॅलरी तेलाच्या, त्या सरावाआधी नकोत, पोटात बसून राहतात. चिवडा पातळ पोह्यांचा, भाजलेला आणि दाण्यांचा सांगितला तर तो रोजचा नाश्ता होतो.

रूममेटची गोष्ट वेगळी. दिवाळीत वजन एका रात्रीत किलो-दीड किलोने वाढतं, ते बहुतेक पाणी असतं. मीठ पाणी धरतं, आणि शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (साखरेचा शरीरातला साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी बसतं. हे कळलं नाही की मुली घाबरून ९ तारखेला उपाशी राहतात, स्वेटर घालून पळतात, आणि सरावात चक्कर येते. वजन रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर करायचं आणि तीन दिवसांची सरासरी बघायची. फराळ दिवसाला ठरवून घ्यायचा: एक लाडू किंवा दोन चकल्या, दुपारी चारच्या आत, डब्यातून नव्हे तर वाटीत काढून. डबा मांडीवर घेऊन मोबाइल पाहायला बसलं की हिशोब संपला.

बर्डीचा_राजू
ताई, दिवाळीत दोन चकल्या मोजून खायला सांगून राहिल्या, जरा दया करा त्या पोट्टीवर.

डायटवाली
मॅटवर वजनाचा काटा दया करत नाही, राजूभाऊ. स्पर्धा झाली की तिला अख्खा डबा द्या.

वर्धा_रोड
डबा पोचण्याबद्दल. गडचिरोलीहून एसटीने किंवा ट्रॅव्हल्सवाल्याकडे देता येतो. ट्रॅव्हल्सने पाठवला तर ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांचे नंबर, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो आणि डबा कुठल्या डिक्कीत आहे ते घ्या. उतरवायची जागा रात्रीची नको. ठरलेल्या चौकात गाडी दोन मिनिटं थांबते, तिथे आधीच उभं राहावं लागतं. कोल्हापूरहून असेल तर स्पीड पोस्ट, तेही वसुबारसच्या किमान आठवडाभर आधी टाकलेलं. दिवाळीच्या गर्दीत पार्सल अडकतं.

पॅकिंग आईला असं सांगा. फराळ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. कोमट भरला तर आत वाफ धरते, चकली मऊ पडते आणि तेलाला खवट वास येतो. चकल्या उभ्या रचायच्या, मधल्या फटींत चिवडा ओतायचा, म्हणजे हलत नाहीत आणि तुटत नाहीत. लाडू वेगळ्या डब्यात, त्यांचा ओलावा चिवड्याला लागतो. ओल्या नारळाची करंजी आणि खव्याचं काही पाठवायचं नाही, दोन-तीन दिवसांत आंबतं. सुक्या खोबऱ्याची पाठवा. डब्याच्या झाकणाला सेलोटेप, बाहेर कापडी पिशवी शिवलेली, आणि वर नाव-नंबर मार्करने. कागदावर लिहिलं तर तेलाने पुसतं.

मध्ये घरी जाऊन यायचं म्हणशील तर गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, एसटीने साडेचार तास धर. पाडव्याला दुपारचा सराव आहे, म्हणून ११ ला पहाटे निघून १२ ला परत, एवढंच जमतं. येताना गाडी खच्चून भरलेली असते, आरक्षण जातानाच दोन्हीकडचं कर. बसमध्ये साडेचार तास बसल्यावर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आखडतं, त्यामुळे १२ ला फक्त जॉगिंग, स्पीडवर्क १३ ला. कोचला हे आधी सांग, परत आल्यावर नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

कोल्हापूरचा विचार रूममेटने सोडावा. महाराष्ट्र एक्सप्रेसने एकीकडचा जवळपास एक दिवस जातो. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. ५ नोव्हेंबरची गाडी हवी असेल तर ६ सप्टेंबरला बसायला हवं. तत्काळ आदल्या दिवशी, एसी १० ला आणि स्लीपर ११ ला, आणि आता आधार जोडलेल्या खात्यावरूनच. त्यापेक्षा घरी सांगावं, दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत लांबवा. आपल्याकडे फराळ त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतोच, तेव्हा तिकीटही मिळतं. विद्यार्थ्यांची सवलत हवी असेल तर प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म लागतो, ती ऑनलाइन मिळत नाही, काउंटरवरच.

रेशीमबाग_रनर
घरच्या फोनचं एक. लक्ष्मीपूजनाच्या वेळी घरात सगळ्यांचे हात गुंतलेले असतात, तेव्हा व्हिडिओ कॉल लावला की दोन्हीकडे नुसता गोंधळ होतो. पूजेच्या अर्धा तास आधी लावा, मग रांगोळी, ताट, आजी सगळे नीट दिसतात. झोपायच्या वेळी लांब कॉल नको. फटाक्यांनी झोप तशीच तुटलेली असते. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, बोटात पिळून बारीक करून कान वर ओढून घालायचे आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचे, नाहीतर ते बाहेर येतात. रस्त्याकडची खोली असेल तर फटाक्यांच्या रात्री मागच्या बाजूला मैत्रिणीच्या खोलीत झोपा.

चारशेवाली
कुकरला वॉर्डन मॅडमनी तोंडी हो म्हटलंय. लेखी कशाला मागू, रागावतील ना?

मेसमेंबर
तोंडी हो म्हणणाऱ्या मॅडम ७ तारखेला गावी जातील आणि त्यांच्या जागी असणाऱ्याला काही माहीत नसेल. पत्रात एकच ओळ वाढव: "खोली क्र. अमुक, एक राइस कुकर, ४०० वॅट, ६ ते ११ नोव्हेंबर", खाली सही. मास्तरांनी सांगितलेल्या त्याच पत्रावर घे, वेगळा अर्ज करू नकोस. आणि कुकर घेताना आतलं भांडं स्टीलचं आहे का बघ, नॉनस्टिकवाल्याला हॉस्टेलच्या तारेच्या घासणीने एका दिवाळीत चट्टे पडतात.